ठिगळाची टेप

मंगळवार, ६ फेब्रुवारी

चाळीस वर्षं कात्री धरली, पण माझ्या हातच्या कॉलरीला दुसऱ्या कुणाची कात्री लागली नव्हती. ती तू लावलीस, आणि वर मलाच लिहून कळवलंस. म्हणे शर्ट गळ्याला आवळतो म्हणून तिथल्या कोपऱ्यावरच्या टेलरकडून कॉलर उसवून घेतली, आणि तो म्हणाला की जिने हा बेतलाय तिला आता दिसत नसावं. हे लिहिताना पेनातली शाई कशी वाळली नाही?

चि. गुंडीस आजीचे अनेक आशीर्वाद. वि. वि. इकडे सगळं ठीक. तुझा बाप कामावर जातो, येतो आणि तोंडावर पेपर घेऊन झोपतो. तुझी आई गुडघे चोळते. मी माझी थायरॉइडची गोळी घेते, पुन्हा विचारू नकोस.

आता मुद्द्याचं. मापाच्या वहीत तुझा गळा साडेतेरा लिहिलाय, गेल्या ऑगस्टात तू आलीस तेव्हाचा. कॉलर बेतली चौदाची. बंबाच्या ऑफिसात आगीचे फोन घ्यायला वरचं बटण लावून बसावं लागतं, म्हणून मुद्दाम अर्धा इंच सैल ठेवली. कागदाचा साचा अजून खिळ्याला आहे. आत्ता पुन्हा मोजला, चौदाच आहे. म्हणजे एकतर माझी कात्री कागदावरून सरकली, नाहीतर तू सुटलीस. सुटली असशील तर लाजू नकोस. खाऊन वाढलेला गळा मला चालतो.

गळ्याचं माप घेऊन कागदावर पाठव. फोन करू नकोस. फोनवर सांगितलेलं माप ऐकणाऱ्याच्या सोयीचं होतं. तुझे आणखी दोन शर्ट बेतून पडलेत, माप आल्याशिवाय मशीनखाली घालणार नाही.

लोभ आहेच. वाढवायचा की नाही ते माप बघून ठरवीन.

तुझी आजी


११ फेब्रुवारी

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

चुकलं माझं. टेलरचं बोलणं लिहायला नको होतं. पण दुसऱ्या दिवशी तपासणी होती. आमचे मोठे साहेब रांगेतून फिरतात आणि ज्याचं वरचं बटण उघडं त्याच्या गळ्याकडे नुसतं बोट करतात. बटण लावलं की मला पाणी गिळताना अडकल्यासारखं व्हायचं, फोनवर पत्ता विचारतानाही. मग काय करणार? तो टेलर वाईट नाही. टाचण्या तोंडात धरून बोलतो, त्यामुळे त्याचं सगळंच बोलणं टोचतं.

मी सुटलेली नाही. उलट पट्टा एक भोक आत गेलाय. तुझ्या सांगण्यावरून, नोकरीला निघताना तू दिलेली ती ठिगळाची टेप काढली, खोलीतल्या मैत्रिणीला मागून धरायला लावली आणि माप घेतलं. बरोब्बर साडेतेरा. दोनदा घेतलं.

तेव्हा आजी, वाईट वाटून घेऊ नकोस. या वयात एखादी कॉलर सरकणारच. एकदा डोळे दाखवून ये. आणि गोळी चहाबरोबर घेत नाहीस ना? मागच्या तपासणीत त्यामुळेच आकडा चढला होता आणि तू दोन महिने अंथरुणाला चिकटून होतीस.

लोभ असू दे, रागासकट.

तुझी गुंडी


१६ फेब्रुवारी

चि. गुंडीस अनेक आशीर्वाद.

साडेतेरा म्हणजे साडेतेरा. मापाशी वाद घालू नये.

डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आले. तो म्हणाला मोतीबिंदू धरायला लागलाय, पण कापायला अजून दोन वर्षं आहेत. तो म्हणाला दोन वर्षं, मी म्हटलं माझं कापणं आजच बंद. घरी येऊन कात्री तुझ्या आईच्या हातात दिली. एका बाईचा लग्नाचा कोट बेतायला आला होता, तो परत पाठवला. तिला सांगितलं की मला गळे दिसत नाहीत. ती हसली, तिला वाटलं मी थट्टा करते.

आता मी काज करते आणि बटणं लावते. तेवढं बोटांना न बघता येतं. तुझे शर्ट तुझी आई बेतील. ते आवळले तर तिला लिही.

लोभ ठेव.

आजी


९ मार्च

ती टेप फेकून दे. नको, थांब, आधी हे वाच.

चि. गुंडीस आशीर्वाद. हल्ली दुपारी हाताला काम नसतं, म्हणून तुझी पत्रं काढून बसले होते. अकरा फेब्रुवारीच्या पत्रात तू लिहिलंयस 'ठिगळाची टेप'. तेव्हा मी तुझा साडेतेराचा आकडा वाचला आणि बाकीचं डोळ्यांवरून गेलं. काल वाचलं आणि सुई तिथेच ठेवली.

ती टेप नऊच्या आकड्यापुढे फाटली होती. दोन्ही टोकांचे धागे सुटलेले, टोकाला टोक लागेना, म्हणून मधे कापडाची पट्टी घालून शिवली. पट्टीवर आकडे नाहीत. त्यामुळे नऊच्या पुढे जे काही भरेल त्यात पाऊण इंच वाढवायचा. अकरा वर्षं मी त्याच टेपने मापं घेतली. तो पाऊण इंच बोटांत होता, कधी तोंडाने म्हणावा लागला नाही. तू नोकरीला निघालीस तेव्हा आठवण म्हणून तुला टेप दिली. पाऊण इंच द्यायचा राहिला.

साडेतेरा आणि पाऊण किती होतात ते तुला येतं. सव्वाचौदा. चौदाची कॉलर सव्वाचौदाच्या गळ्याला बसेल कशी?

म्हणजे माझी कात्री सरकली नव्हती. याचा मला आनंद झाला. तो अर्धा मिनिट टिकला.

पट्टा आत गेला आणि गळा बाहेर आला, ही खाल्ल्याची खूण नाही. आता सांगते तसं कर. आरशापुढे उभी राहा, हनुवटी वर कर, पाण्याचा घोट घे आणि गिळताना गळ्याकडे बघ. कॉलरीचं बटण येतं त्याच्या जरा वर, दोन्ही बाजूंना. काही वर सरकून खाली येतंय का? माझा गोळीवाला डॉक्टर माझ्याकडून दरवेळी असंच करून घेतो. थायरॉइडची गाठ घोटाबरोबर वर चढते. नुसती चरबी चढत नाही.

आईला अजून बोलले नाही. आधी तू घोट घे.

आजी


१४ मार्च

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

घोट घेतला. आहे. डाव्या बाजूला, कोटाच्या मोठ्या बटणाएवढी. गिळताना वर जाते आणि परत येते. दुखत नाही. मैत्रिणीला दाखवली तर ती म्हणाली की लहानपणी गिळलेली गुंडी तिथेच बसलीय. माझं नाव गुंडी का पडलं ते मी तिला कधीतरी सांगितलं होतं, तिने बरोबर आत्ता वापरलं.

ऑफिसच्या दवाखान्यात गेले. रक्त काढलं. थायरॉइडचे सगळे आकडे जिथल्या तिथे आहेत. तिथले डॉक्टर म्हणाले काम उत्तम चाललंय, सवडीने सोनोग्राफी करून घ्या. तेव्हा घाबरायचं कारण नाही. एप्रिलमध्ये दोघी जणी रजेवर आहेत, मे-जूनकडे बघेन.

तू कात्री परत घे बघू आधी. मला त्याचंच जास्त वाईट वाटतंय.

लोभ असावा.

गुंडी


१८ मार्च

सवडीने म्हणे. सवड ही काय गाठीला विचारून घ्यायची गोष्ट आहे?

चि. गुंडीस आशीर्वाद. तुझं पत्र घेऊन मी गोळीवाल्या डॉक्टरकडे गेले. नंबर नसताना आत शिरले. त्याने दोन गोष्टी सांगितल्या, त्या मला कळल्या, म्हणजे तुलाही कळतील. थायरॉइड काम करतं की नाही, हा एक प्रश्न. त्यात काही उगवलंय की नाही, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर रक्तात मिळतं. दुसऱ्याचं रक्तात मिळेलच असं नाही. माझं बघ, दिसायला गळा साफ, पण आत कामाच्या नावाने ठणठण. म्हणून मला थंडी वाजायची, केस गळायचे, आणि जिना चढून वर गेले की कशाला आले ते आठवायचं नाही. तुझं काम चोख आहे आणि गाठ आहे. मशीन नीट चालतंय म्हणून कापडावर डाग नसेल असं कुणी म्हणतं का?

तो असंही म्हणाला की गाठी पुष्कळांना असतात आणि बहुतेक निरुपद्रवी निघतात. पण निरुपद्रवी आहे हे गाठीने सांगायचं नसतं, सुईने सांगायचं असतं. आधी सोनोग्राफी, मग त्यांना वाटलं तर बारीक सुई घालून थोडं बाहेर काढतात आणि तपासतात. सुईला तू घाबरू नयेस. माझ्या मांडीवर वाढलीस, कमी टोचल्या नाहीत.

महिनाअखेरपर्यंत झालं नाही तर मी येते. तुझ्या मोठ्या साहेबांच्या रांगेत उभी राहीन आणि वरचं बटण उघडं ठेवीन.

आजी


२ एप्रिल

ती. आजीस शि. सा. न.

सुई झाली. काल निकाल आला. तुझ्यापाशी आडपडदा नको, म्हणून सरळ लिहिते. कॅन्सर आहे.

डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून कागदावर चित्र काढून सांगितलं. फुलपाखरासारखी ग्रंथी, डाव्या पंखावर गाठ. याचे प्रकार असतात, त्यातला हा सगळ्यात सावकाश चालणारा आणि बहुतेक जण पूर्ण बरे होतात. पूर्ण ग्रंथी काढायची. मग जन्मभर रोज एक गोळी. तुझीच. मला तेवढ्यात हसू आलं, त्यांना वाटलं मला धक्का बसला.

मरायची भीती मला खरंच फारशी वाटली नाही, का ते माहीत नाही. भीती दुसरीच आहे. ग्रंथीच्या मागून आवाजाची नस जाते. बाई म्हणाल्या त्या जपूनच काम करतात, तरी काही जणांचा आवाज काही आठवडे बसतो आणि क्वचित कुणाचा कायमचा बदलतो. आजी, मी दिवसभर काय करते? आगीत सापडलेल्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात पत्ता विचारते. तो आवाज गेला तर मी तिथे कोण?

ऑपरेशन सोळा तारखेला. आईला सांगू नकोस. झाल्यावर मीच सांगेन.

गुंडी


५ एप्रिल

चि. गुंडीस अनेक आशीर्वाद.

आईला सांगितलं. माझ्या पोटात गुपित राहतं, पण तिच्या पोटात तू राहिली होतीस. ती बारा तारखेच्या गाडीने निघते. रडली, मग उठून तुझे जुने मऊ कपडे काढून इस्त्री करत बसली.  तुझ्या बापाने तिचं तिकीट काढलं आणि त्या दिवशी पेपर उघडला नाही.

आवाजाचं मी तुला खोटं सांगणार नाही. मला त्यातलं कळत नाही. माझी कात्री गेली तेव्हा मला वाटलं होतं आपण आता कोण. सात आठवडे मी नुसती बटणं लावली. मी होते तीच होते, फक्त चिडकी झाले, आणि ती मी आधीही होते. तेवढंच तुला सांगू शकते.

डॉक्टरीणबाईला विचार, टाके वरून घालणार की आतून. आतून घालत असेल तर बाईचा हात चांगला आहे.

उपाशीपोटी जायला सांगितलं असेल तर उपाशीच जा. तू लपवून खाशील, मी तुला ओळखते.

आजी


१९ एप्रिल

ती. सासूबाईंस सा. न. वि. वि.

ऑपरेशन नीट पार पडलं. चार तास लागले. ग्रंथी पूर्ण काढली, शेजारच्या दोन-तीन बारीक गाठीही तपासायला काढल्या. डॉक्टरीणबाई समाधानी दिसल्या. पलंग खिडकीपाशी आहे, वारा येतो. सकाळची नर्स हसतमुख आहे, दुपारची कमी बोलते पण हात हलका आहे. गुंडीने काल पातळ खिमटी खाल्ली, आज जरा जास्त. ती तुम्हाला नमस्कार सांगते. हाताला सलाईनची सुई आहे म्हणून मी लिहिते. ती हसते, बरी आहे. काळजी करू नये.

गोळी वेळेवर घ्यावी. ह्यांना डबा द्यावा.

आपली सून


९ मे

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

तुझं पोस्टकार्ड आईने माझ्यापासून दोन दिवस लपवलं. मग स्वतःच आणून दिलं. त्यावर एकच ओळ होती: 'सूनबाईने सगळं लिहिलं, आवाजाचं सोडून.' तुला मोतीबिंदू आहे म्हणणाऱ्याचेच डोळे तपासायला हवेत.

तर आवाजाचं. शुद्धीवर आले तेव्हा आईला हाक मारली आणि नुसता वारा बाहेर आला. पहिले नऊ दिवस तसंच. मी पाटीवर लिहायचे आणि आई मोठ्याने उत्तर द्यायची, जसं काही मला ऐकू येत नाही. बाईंनी कॅमेरा घालून पाहिलं. नस शाबूत आहे, नुसती सुस्तावलीय. आता घोगरा आवाज येतो, चढवला की फाटतो. आणखी काही आठवडे लागतील म्हणाल्या, महिनेही. ऑफिसने तोवर मला नोंदवहीच्या टेबलावर बसवलंय. इतरांचे फोन ऐकते आणि वेळ लिहिते. कठीण जातं. पण काल शेजारणीची लाईन तुटली, पत्ता अर्धाच मिळाला होता. त्याआधी फोनवरच्या माणसाने घाबरून पाण्याच्या टाकीचं काहीतरी म्हटलं होतं, ते माझ्या कानात राहिलं होतं. मी ते लिहून पुढे सरकवलं आणि बंब बरोबर दारात गेला. म्हणजे अगदीच कामातून गेले नाही.

काढलेल्या बारीक गाठी स्वच्छ निघाल्या. पुढचं औषध लागेल की नुसती तपासणी पुरेल, ते जूनमध्ये ठरेल. बोटांना मुंग्या यायच्या, म्हणून कॅल्शियमच्या गोळ्या चालू आहेत. टाके आतून घातलेत, बाहेरून फक्त एक रेघ. तू पाहिलीस तर नाव ठेवायला जागा सापडणार नाही.

काल कोपऱ्यावरचा टेलर भेटला. गळ्याचा रुमाल बघून त्याने विचारपूस केली. मग टाचण्या काढून वही काढली. तीन फेब्रुवारीला त्याने माझा गळा घेतला होता, सव्वाचौदा. म्हणाला, तेव्हा नुसती कॉलर बघितली, गळ्याकडे बघायला हवं होतं. फार हळहळला.

लोभ असू दे. आवाज आला की पहिली शिवी तुलाच.

गुंडी


१४ मे

त्या टेलरच्या वहीत तीन फेब्रुवारीला सव्वाचौदा लिहिलं होतं, आणि ते मला मे महिन्यात कळतं.

चि. गुंडीस अनेक आशीर्वाद. तुझ्यावर नाही रागावले. तो मला आंधळी म्हणाला, एवढंच तू लिहिलंस आणि एवढंच मला लागलं. त्याच्या टेपला किती भरलं ते तू लिहिलं नाहीस आणि मी विचारलं नाही. परक्याची टेप म्हटल्यावर विचारते कशाला? विचारलं असतं तर महिनाभर आधी कळलं असतं. डॉक्टर म्हणतात या गाठीला महिन्याने काही फरक पडत नाही. पडला नसेल. तरी तो महिना अर्धा माझ्या ठिगळाने खाल्ला आणि अर्धा माझ्या नाकाने. वहीत तुझ्या मापाशेजारी तसं लिहून ठेवलंय.

गोळीचं ऐक, यात मी तुझ्याहून नऊ वर्षांनी मोठी आहे. सकाळी उठल्याबरोबर, साध्या पाण्याबरोबर, चहाच्या आधी तासभर. कॅल्शियमची त्यानंतर चार तासांनी. मी दोन्ही एकदम घ्यायचे, पोटात गेल्यावर आपापली वाट शोधतील म्हणून. त्या दारातच अडकून बसल्या. तुझी ताकद वेगळी, माझी वेगळी, एकमेकींच्या डबीत हात घालायचा नाही. मी सहाला घेते. तूही सहाला घे.

कात्री परत घेतली. तुझी आई इथे होती तोवर तिने तीन बाह्या बेतल्या होत्या, तिन्ही डाव्या. लग्नाच्या कोटवाल्या बाईलाही निरोप धाडला. ती अजून थांबली होती.

तुझे दोन शर्ट टेबलावर आहेत. कॉलरीतलं कडक बकरम काढून टाकते आणि मऊ सुती पट्टी घालते, म्हणजे रेघेवर घासणार नाही. वरचं बटण लागलं पाहिजे. आवाज परत आल्यावर तू त्या फोनवर बसशील तेव्हा साहेबाला बोट करायला जागा नको. आवाज नाही आला तरी नोंदवहीच्या टेबलावरही बटण लावतातच.

बेतायला माप हवं. नवी टेप पाठवत नाही. तू माप घेतलंस तर रेघेला जपून सैल धरशील, आणि तुझ्या आईने घेतलं तर मला बरं वाटेल तेवढंच लिहील. माप त्या कोपऱ्यावरच्या टेलरने घ्यायचं, त्याच्या टेपने, तोंडातल्या टाचण्या काढून. आणि पत्रही त्यानेच लिहायचं. गळा किती भरला ते वर. त्याने उसवलेली माझी कॉलर चौदाचीच होती, हे खाली. त्याखाली सही.

तुम्ही दोघींनी त्यात एक अक्षर घालायचं नाही. या पत्राचं उत्तर त्याने द्यायचंय.

तुझी आजी